आठवडाभर स्पेनचं अंदालुसिया फिरायचंय? मग सुरुवात विमानाच्या तिकिटापासून करू नका

युरोप म्हटलं की आपल्याकडे अजूनही ‘सात दिवसांत पाच देश’ हेच पॅकेज आधी आठवतं. पहाटे उठा, बसमध्ये बसा, फोटो काढा, पुन्हा बसमध्ये बसा. पण तेवढ्याच सुट्टीत एकच प्रदेश नीट बघायचा ठरवला तर? त्यासाठी स्पेनच्या दक्षिणेचा अंदालुसिया ही जागा एकदम फिट बसते. आकार महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, ऊन भरपूर, आणि सेव्हिल, कॉर्दोबा, ग्रनाडा ही तिन्ही मोठी शहरं रेल्वेने जोडलेली.

इथं एवढं आहे तरी काय?

इ.स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या. त्यांच्या ताब्यातल्या मुलखाला ‘अल-अंदलुस’ म्हणत, आजचं नाव त्यातूनच आलं. पुढे उत्तरेकडच्या ख्रिस्ती राजांनी एकेक शहर परत घेतलं. कॉर्दोबा १२३६ मध्ये, सेव्हिल १२४८ मध्ये, आणि सगळ्यात शेवटी ग्रनाडा २ जानेवारी १४९२ ला. म्हणजे ग्रनाडामध्ये जवळपास पावणेआठशे वर्षं मुस्लिम सत्ता होती. त्याच १४९२ च्या ऑगस्टमध्ये कोलंबस भारताचा रस्ता शोधायला निघाला, तोही अंदालुसियाच्याच पालोस बंदरातून.

इथल्या इमारती हा सगळा इतिहास एकावर एक चढवून दाखवतात. कॉर्दोबाच्या मशिदीत साडेआठशेहून जास्त खांब आहेत आणि त्या खांबांच्या जंगलात मधोमध सोळाव्या शतकात उभारलेलं कॅथेड्रल आहे. सेव्हिलच्या कॅथेड्रलचा हिराल्डा मनोरा मुळात मशिदीचा मिनार होता. त्यात वर जायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत, म्हणजे बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं.

मग सुरुवात कुठून करायची?

ग्रनाडाच्या अल्हाम्ब्राच्या तिकिटापासून.

अल्हाम्ब्रा म्हणजे टेकडीवरचा किल्ला, राजवाडे आणि बागा. त्यातला खरा जीव आहे नासरी राजवाड्यांत. बारा दगडी सिंहांचं कारंजं तिथलंच. तिथं एका वेळी किती लोक सोडायचे हे ठरलेलं आहे, त्यामुळे तिकिटावर तारखेसोबत आत शिरण्याची वेळही छापलेली असते. ती चुकली की हातात तिकीट असूनही राजवाडे बाहेरूनच बघावे लागतात. मुख्य प्रवेशद्वारापासून तिथवर चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, हेही गणितात धरायला हवं. गर्दीच्या दिवसांत तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. त्यात बुकिंग नावाने आणि पासपोर्ट नंबरने होतं, दारात मूळ पासपोर्ट बघतात. ‘बघू तिथं गेल्यावर’ हा आपला आवडता फॉर्म्युला इथं चालत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी अल्हाम्ब्राची तारीख, मग त्याभोवती हॉटेलं, मग रेल्वे. तिकीट अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या, कारण तसंच दिसणाऱ्या आणि जास्त पैसे लावणाऱ्या साइट्स भरपूर आहेत.

पण व्हिसा आलाच नाही तर?

खरी अडचण इथंच आहे. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याच्या अर्जात प्रवासाचा प्लॅन आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. म्हणजे व्हिसा हातात नसताना बुकिंग करायचं! यावर उपाय म्हणजे लवकर अर्ज करणं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाप्रमाणे निर्णय १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि सुट्ट्यांच्या सीझनमध्ये अपॉइंटमेंट मिळवणं हेच मोठं काम होऊन बसतं. मोठ्या माणसांसाठी फी ९० युरो, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचं प्रवास विमा कव्हरही सक्तीचं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. त्यामुळे हॉटेल फुकटात रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.

कधी जायचं?

जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नको. कॉर्दोबा आणि सेव्हिलमध्ये तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. आपल्याला विदर्भाच्या उन्हाची सवय आहे असं वाटत असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्या: स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. देश भौगोलिकदृष्ट्या ब्रिटनच्या रेषेत, पण वेळ जर्मनीची. त्यामुळे जूनमध्ये सेव्हिलला सूर्य मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमारास, आणि सगळ्यात कडक ऊन असतं संध्याकाळी पाच-सहाला. ‘चार वाजले, आता ऊन उतरेल’ हा हिशेब तिथं साफ चुकतो.

आपल्या शाळांच्या सुट्ट्या मात्र इथं बरोबर जुळतात. मे महिना चांगला, आणि दिवाळीच्या आसपासचा ऑक्टोबर त्याहून निवांत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कॉर्दोबामध्ये लोक आपली फुलांनी भरलेली अंगणं पाहुण्यांना बघायला उघडी ठेवतात. ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि सेव्हिलची वसंतातली जत्रा बघण्यासारखीच असते, पण तेव्हा हॉटेलांचे दर गगनाला भिडतात.

सात दिवस कसे वाटायचे?

सेव्हिल तीन रात्री, कॉर्दोबा एक, ग्रनाडा दोन. अंदालुसियाला भारतातून थेट विमान नाही, कुठंतरी बदलावंच लागतं. मग जाताना सेव्हिलला उतरा आणि येताना मालागाहून निघा, म्हणजे त्याच रस्त्याने परत यायचा एक दिवस वाचतो. सेव्हिल ते कॉर्दोबा वेगवान रेल्वेने साधारण पाऊण तास. पुढे ग्रनाडा दीड-दोन तास. ग्रनाडाहून मालागाला बस सोपी पडते.

सेव्हिलच्या अल्काझार राजवाड्याचंही तिकीट आधीच काढा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधलं डॉर्न इथंच शूट झालं, त्यामुळे गर्दी दुप्पट. कॉर्दोबाला बरेच जण सेव्हिलहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात, पण एक रात्र राहणाऱ्याला मशीद-कॅथेड्रल सकाळी लवकर, टूर ग्रुप यायच्या आधी बघता येतं. रविवारी सकाळी तिथं प्रार्थना असते, तो दिवस टाळा. रोंडा, कादिझ, फ्लॅमेंको, समुद्रकिनारा हे सगळंही याच सात दिवसांत कोंबायचा मोह होईल. एखादंच निवडा.

शाकाहाऱ्यांचं काय?

थोडी कसरत आहे. कॉर्दोबाचं साल्मोरेहो म्हणजे टोमॅटोचं दाट, थंड सूप, पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे टाकून देतात. ‘सिन हामोन’ म्हणजे ‘हॅमशिवाय’, हे दोन शब्द पाठच करा. सेव्हिलची पालक-छोले भाजी मात्र आपलीच वाटते, आणि तळलेल्या वांग्याच्या कापांवर काकवीसारखा उसाचा पाक घालून देतात तेही. वांग्याला तिथं ‘बेरेन्हेना’ म्हणतात, संत्र्याला ‘नारान्हा’ आणि साखरेला ‘असुकार’. तिन्ही शब्द मूळचे भारतातले, फारसी-अरबीतून फिरत तिकडे पोहोचलेले. सेव्हिलच्या रस्त्यांवर दुतर्फा लगडलेली नारिंगं मात्र तोडून खाऊ नका. ती कडू असतात, मुरंब्याची.

रात्रीचं जेवण नऊच्या आधी मागितलं तर अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंदच असतं. लहान मुलं सोबत असतील तर दुपारी दोन ते चारच्या मध्येच पोटभर जेवून घ्या.