घरचा धंदा काचेचा: ओगलेवाडीचा धडा

मंडळी, अंबरनाथ पूर्वेत नवी इमारत उभी राहिली की खिडक्यांची मापं घ्यायला काचवाला येतो. बरेचदा दुकानात बाप असतो, काच बसवायला मुलगा जातो. असा घरचा धंदा वाढतो कसा? त्यासाठी आपण कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला जाऊ.

१९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना लोकवर्गणीतून निघाला होता. पुढे १९१४ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मनी-ऑस्ट्रियाहून येणारा काचमाल अडला. १९१६मध्ये ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. तळेगावला लोकांचा पैसा होता, इथे मुख्य भार एका घराने उचलला.

पण नुसती काच करून घर वाढलं नाही, हे आपण लक्षात घेऊ. त्यांनी कंदील केला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं: प्रभाकर. आता बघा, कंदील वर्षानुवर्षं टिकतो, पण त्याची काच तडकते, फुटते. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येणारच! विजेविना असलेल्या खेड्यांत हा कंदील घरोघरी गेला.

मग वीज आली. कंदील माळ्यावर गेला, पुढे कारखानाही बंद पडला. काच मात्र संपली नाही; ती कंदिलातून खिडकीत आली. आपल्याकडच्या काचवाल्यांना म्हणूनच आमचं सांगणं: काच कापायला शिकवाच, पण उद्या ती कुठे लागणार, हे पाहायलाही मुलांना शिकवा.