चित्रसंकलनातील ‘मीडिया ऑफलाइन’ : कारणे, शोध व जतन

उत्सव, कीर्तन, व्याख्यानमाला यांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते संगणकावर संकलित करणारे कार्यकर्ते आता बहुतेक संस्थांत आहेत. काल सायंकाळपर्यंत सुरळीत चाललेले संकलन आज उघडावे, तर चित्राच्या जागी तांबडा पडदा व त्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ ही अक्षरे दिसावीत, हा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांस आलेला असतो. सदर लेखात या अडचणीची कारणे व तीवरील उपाय यांची माहिती देत आहोत. विवेचन मुख्यतः अ‍ॅडोबी प्रीमियर या सॉफ्टवेअरच्या आधारे केले असून, दा व्हिंची रिझॉल्व्हचा उल्लेख जरुरीपुरता केला आहे.

प्रथम प्रोजेक्ट फाईल म्हणजे काय, हे ध्यानी घ्यावे. या फाईलीत चित्रीकरण नसते. कोणती फाईल कोणत्या डिस्कवरील कोणत्या फोल्डरात आहे, तिचा कुठून कुठपर्यंतचा भाग घेतला आणि त्यावर कोणते संस्कार केले, एवढीच नोंद तीत असते. म्हणूनच कित्येक तासांच्या चित्रीकरणाची प्रोजेक्ट फाईल अवघ्या काही मेगाबाइटांची भरते. ती तेवढी पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या घरी जाणे म्हणजे ग्रंथ कपाटात ठेवून अनुक्रमणिका बरोबर नेणे होय. रिझॉल्व्हमध्ये तर प्रोजेक्ट स्वतंत्र फाईल म्हणून दिसतच नाही. तो त्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. तेथून ‘एक्स्पोर्ट’ केलेल्या डीआरपी फाईलीतही चित्रीकरण येत नाही. ते सोबत हवे असल्यास ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ करावे लागते.

यावरून कारणेही उलगडतात. कोणी तरी फोल्डरचे नाव ‘सुधारलेले’ असते. बाह्य डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर विंडोजने तिला ‘ई’ ऐवजी ‘एफ’ हे अक्षर दिलेले असते. घाईत कॅमेऱ्याच्या कार्डावरूनच क्लिप थेट घेतलेल्या असतात आणि कार्ड केव्हाच कॅमेऱ्यात परत गेलेले असते. वनड्राइव्ह चालू असलेल्या संगणकावर आणखी एक चकवा असतो : फाईलीचे नाव फोल्डरात दिसते, शेजारी ढगाचे चिन्ह असते, परंतु फाईल मात्र त्या संगणकावर नसते. अशा फोल्डरावर उजवी कळ दाबून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे व फाईली पूर्ण उतरेपर्यंत थांबावे.

तांबडा पडदा दिसताच

टाइमलाइनवरील तांबड्या क्लिप पुसून फाईली नव्याने आणण्याचा मोह आवरावा. तसे केल्यास आठवडाभर केलेली कापणी व जोडणी पुसली जाते. चित्रीकरण मिळाले तरी संकलन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून प्रोजेक्टची वेगळी प्रत ठेवावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

त्यानंतर डिस्क जोडलेली आहे काय आणि तिचे अक्षर तेच आहे काय, हे पाहावे. अक्षर बदलले असल्यास प्रोजेक्टला हात लावण्याची गरजच नाही. प्रीमियर बंद करून विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये त्या डिस्कला जुने अक्षर परत द्यावे, बहुधा सर्व क्लिप जागच्या जागी परत येतात. चित्रीकरणाच्या डिस्कला वर्णमालेतील शेवटाकडचे एखादे अक्षर, उदाहरणार्थ ‘व्ही’, कायमचे देऊन ठेवावे, असे आम्ही सुचवितो. पेनड्राइव्ह वा कार्ड लावल्यावर विंडोज सहसा आधीची अक्षरे वाटते, त्यामुळे हे अक्षर मोकळे राहते.

फाईली खरोखरच दुसरीकडे हलविल्या असतील, तर त्या क्लिप निवडून ‘लिंक मीडिया’ ही आज्ञा द्यावी. तेथे फाईलीचा जुना पत्ता दिसतो. शोधाचा धागा तोच. ‘लोकेट’ दाबून नवे स्थान दाखवावे. ‘रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली’ ही खूण असल्यास एक फाईल सापडताच त्याच रचनेतील बाकीच्याही जोडल्या जातात. रिझॉल्व्हमध्ये हेच काम ‘रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स’ने होते.

येथे एक धोका आहे आणि आमच्या मते तो तांबड्या पडद्याहून मोठा आहे. अनेक कॅमेरे फाईलींना पुनःपुन्हा तीच नावे देतात. एव्हीसीएचडी पद्धतीच्या कार्डावर पहिली फाईल ०००००.एमटीएस असते, सोनीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केल्यावर क्रम पुन्हा सी०००१ पासून सुरू होतो. पाच दिवसांच्या उत्सवात पाच ‘सी०००१’ सहज जमतात. नावावरून जोडणी करताना पहिल्या दिवसाच्या जागी चौथ्या दिवसाची फाईल बसली, तर सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार करीत नाही. पडदा तांबडा नसतो, चित्र चालू असते, फक्त ते चित्र वेगळ्याच दिवसाचे असते. यास्तव ‘लिंक मीडिया’त केवळ नावावर विसंबू नये, ‘मीडिया स्टार्ट’ हीही खूण करावी. जोडणी झाल्यावर चार-सहा ठिकाणी थांबून चित्र व ध्वनी यांची स्वतः खात्री करावी.

फाईल जागेवर असूनही उघडत नसेल, तर दोष बहुधा कोडेकचा असतो. काही मोबाइल संचांतील एचईव्हीसी चित्रफिती जुन्या संगणकावर अशाच अडतात. त्यांचे एच.२६४ मध्ये रूपांतर करून घ्यावे, मूळ फाईल मात्र ठेवावी.

कॅशे फोल्डरविषयी

प्रीमियर आपल्या सोयीसाठी ध्वनीच्या व तरंगाकृतींच्या सहायक फाईली तयार करून ‘मीडिया कॅशे’त साठविते. या पुसल्या तरी हानी नाही. प्रोजेक्ट पुढच्या वेळी उघडताना थोडा अधिक वेळ घेतो, इतकेच. परंतु हे फोल्डर मूळ चित्रीकरणाजवळ कधीही नेमू नये. २०१७ मधील ११.१ या आवृत्तीत कॅशे आपोआप पुसण्याची सोय आली, तेव्हा कॅशे फोल्डरालगत ठेवलेल्या मूळ फाईलीही काही वापरकर्त्यांच्या संगणकांवरून पुसल्या गेल्या. ११.१.२ मध्ये कंपनीने ही सोय सुधारली व पुसणे केवळ कॅशेच्या उपफोल्डरांपुरते मर्यादित केले. तथापि कॅशे व मूळ माध्यम वेगवेगळे ठेवावे, ही सूचना तिने कायम ठेवली. या नुकसानीबद्दल अमेरिकेतील एका व्यावसायिक चित्रीकरणकाराने २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावाही दाखल केला होता.

मूळ प्रत कोणती?

मिनीडीव्ही फितींच्या काळी संगणकावरील फाईल गेली तरी फीत कपाटात असे. साठ मिनिटांच्या फितीतून सुमारे १३ जीबीची फाईल उतरे. ती हरवल्यास टाइमकोडच्या आधारे तोच भाग पुन्हा उतरवून घेता येई. आता कार्ड दुसऱ्याच दिवशी फॉरमॅट होते आणि डिस्कवर केलेली ‘प्रत’ हीच एकमेव मूळ प्रत ठरते. १०० मेगाबिट वेगाने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा घेते. जागा अपुरी पडली की कोणी तरी ‘जुने’ म्हणून तेच पुसते. म्हणून दोन वेगळ्या डिस्कांवर प्रती झाल्याखेरीज कार्ड रिकामे करू नये, आणि त्यांपैकी एक डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवावी. टेराकॉपीसारख्या साधनाने प्रत पडताळूनही घेता येते. कार्ड चुकून पुसले गेलेच, तर त्यावर पुढे काहीही मुद्रित न करता ते बाजूस काढावे. फोटोरेक या मोफत साधनाने पुष्कळदा फाईली परत मिळतात. तुकड्यांत विखुरलेल्या मोठ्या चित्रफितींच्या बाबतीत मात्र आशा कमी.

कार्डावरून केवळ एमटीएस फाईली वेचून घेऊ नयेत. ‘प्रायव्हेट’ हे संपूर्ण फोल्डर घ्यावे. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर ४ जीबीहून मोठी फाईल राहत नाही, त्यामुळे दीर्घ कीर्तनाचे सलग मुद्रण कॅमेरा तुकड्यांत साठवितो. सांध्यांची नोंद त्या फोल्डरातील इतर फाईलींत असते. ती सोडून दिल्यास सांध्यावर ध्वनी क्षणभर तुटतो, आणि तो नेमका आलापाच्या मध्यावरही तुटू शकतो.

प्रत्येक कार्यक्रमास एक फोल्डर, नावाच्या आरंभी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि आत दिवसागणिक व कॅमेऱ्यागणिक उपफोल्डर, एवढी रचना पुरते. ती संकलनापूर्वी करावी, मध्येच नव्हे. फोल्डरांची नावे रोमन अक्षरांत ठेवावीत, असे आम्हांस वाटते. देवनागरीत एकाने ‘कीर्तन’ लिहिले व दुसऱ्याने ‘किर्तन’, तर संगणकाच्या शोधात ही दोन वेगळी नावे ठरतात.

काम पूर्ण झाल्यावर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’मधून ‘कलेक्ट फाईल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन’ हा पर्याय निवडावा. प्रोजेक्ट व त्याचे माध्यम एकत्र येते. त्याच खिडकीतील ‘कन्सॉलिडेट अँड ट्रान्सकोड’ न वापरलेला भाग छाटू शकतो व जागा वाचवितो. कायम जतनासाठी आम्ही तो सुचवीत नाही. आज वगळलेल्या चित्रीकरणातच एखाद्या वृद्ध कीर्तनकारांचे अखेरचे दर्शन असू शकते. ही डिस्क विंडोज व मॅक अशा दोन्ही संगणकांवर लावायची असल्यास ती प्रथमपासून एक्सफॅट पद्धतीने सिद्ध करावी. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरील फाईली मॅकवर वाचता येतात, परंतु वेगळ्या साधनाखेरीज तिच्यावर काही लिहिता येत नाही.