नगर रस्त्यावरचे राजबंदी

रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन माणूस रस्त्यावर आला, की दोन वाटा त्याच्यापुढे असतात. नगरच्या बाजूस वळला तर शिरूर मागे टाकून, घोडनदी ओलांडून तो नगरच्या भुईकोट किल्ल्याशी पोहोचतो, आणि पुण्याच्या बाजूस वळला तर वाटेत कोरेगाव भीमा लागते, मग आगाखान पॅलेस, आणि सरतेशेवटी येरवड्याचे कारागृह. माथ्यावर 'अहिल्यानगर' अशी नवी पाटी लागली तरी लोकांच्या तोंडी हा नगर रस्ताच आहे. पूर्वाभिमुख देवळातल्या या देवाच्या पायरीवर फुले-दूर्वा विकत घेणाऱ्या भाविकास, आपण अशा दोन तुरुंगांच्या मधोमध उभे आहोत की जेथे गेल्या सव्वाशे वर्षांत खून-दरोड्यापेक्षा लिहिल्या-बोलल्याबद्दल आणि पुष्कळदा नुसत्या संशयाबद्दल थोरामोठ्यांना कोंडले गेले, याची जाणीव क्वचितच असते. आणि ती नसावी यात त्याचा दोष तरी काय?

विनाचौकशी कैद ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे, असा भाबडा समज मात्र कोणी करून घेऊ नये. नगरच्या याच किल्ल्यात दौलतराव शिंद्यांनी १७९७ अखेर नाना फडणविसांना दग्याने धरून अडकवून ठेवले होते, आणि त्यासाठी ना पंचनामा लागला ना फिर्याद. मनगटात जोर असेल त्याने धरावे, आणि धरले जाईल त्याने सुटण्याची रक्कम मोजावी, असा तो मामला होता. इंग्रजांनी वेगळे केले ते एवढेच, की या जबरदस्तीला त्यांनी कलमे दिली, क्रमांक दिला आणि तिचा कायदा केला. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघून याच वाटेने पुण्याकडे चालू लागली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावी पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या लढाईने ज्या राज्याचा पाया पक्का केला, त्याचे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना १८२७ साली जे कायदे बांधले गेले, त्यांतील पंचविसाव्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. कोणत्याही माणसाला, त्याच्यावर खटला भरण्याचा विचार नसतानाही, राज्याच्या स्वास्थ्यासाठी कैदेत ठेवण्याची मुखत्यारी सरकारला देणारा हा कायदा. बंगालचा १८१८ चा तिसरा आणि मद्रासचा १८१९ चा दुसरा ही त्याचीच भावंडे.

या कायद्याचा खरा चेहरा पुण्याने पाहिला तो सत्तर वर्षांनी. १८९७ चा प्लेग, घरोघरच्या झडत्या, देवघरांपर्यंत शिरणारे गोरे सोजीर, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला रँडचा खून, हा क्रम शाळकरी पोरांनाही पाठ असतो. टिळकांना जुलैअखेर पकडून राजद्रोहाचा खटला भरण्यात आला व न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी त्यांना अठरा महिन्यांची सजा ठोठावली. तो खटला आणि ती ज्यूरी पक्षपाती होती असे पुष्कळांचे मत आहे, आणि माझेही आहे. तरीसुद्धा तेथे आरोपपत्र होते, वकील होता, साक्षी होत्या, आणि सजेला मुदत होती. त्याच सुमारास सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या बंधूंना उचलले गेले, तेव्हा यांतले काहीएक नव्हते. १८२७ चा पंचविसावा कायदा दफ्तरातून काढला, हुकूम लिहिला, दोघांना पुण्याबाहेर कैदेत नेले आणि त्यांची मिळकत सरकारच्या ताब्यात घेतली. तात्यासाहेबांनी प्लेगच्या कामात स्वतः भाग घेऊन सोजिरांच्या वर्तनाबद्दल अधिकाऱ्यांकडे तक्रारी नेल्या होत्या, एवढे मात्र जगजाहीर होते.

आणि घराणे कोणाचे? १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण ज्याने चढविले असे पुणे आजतागायत म्हणत आले, त्या बाळाजीपंत नातूचे. कंपनीच्या राज्याला ज्या घराने हात दिला त्याच घरावर कंपनीच्या कायद्याचा वरवंटा फिरावा, यात कोणास दैवी न्याय दिसेल. मला त्यात दिसते ते असे की ज्या सत्तेला कारण सांगावे लागत नाही, तिला उपकारही आठवावे लागत नाहीत. दामोदर चाफेकर सापडला, त्याने कबुली दिली, १८९८ च्या एप्रिलात तो फासावर गेला. खुनाचा उलगडा झाला. पण नातू बंधू आतच राहिले. अमरावतीला १८९७ च्या डिसेंबरात शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या राष्ट्रसभेने या तिन्ही जुन्या कायद्यांचा निषेध केला, विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, आणि प्रत्येक वेळी मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ एकच होता, की सरकारला कारण ठाऊक आहे. १८९९ साली दोघे सुटले. अपराध कोणता, हे कोणत्याही न्यायासनापुढे कधीच आले नाही.

पुढचा प्रसंग रस्त्याचा नसून लोहमार्गाचा आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरलेल्या नेत्यांना घेऊन निघालेल्या खास गाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले, आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या मंडळींना घेऊन गाडी पुणे मागे टाकून, दौंडावरून वळून नगरला गेली. आझाद, नेहरू, वल्लभभाई, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे एकूण बारा जण किल्ल्यात स्थानबद्ध झाले. खटला कोणावरही नव्हता. नेहरूंनी आवारात बागेसाठी कुदळ चालविली तेव्हा जमिनीखालून जुन्या भिंतींचे आणि घुमटांचे अवशेष वर येऊ लागले, ही हकीकत त्यांच्याच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त आहे, आणि तो ग्रंथही तेथेच लिहिला गेला. इकडे आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. राजबंदी म्हणून आलेल्यांच्या दोन समाध्या आजही नगर रस्त्यालगत आहेत.

आता या गोष्टीतला खरा पेच. किल्ल्यातल्या त्या बारांपैकी वल्लभभाई पटेल १९५० च्या फेब्रुवारीत गृहमंत्री म्हणून लोकसभेपूर्वीच्या हंगामी संसदेत उभे राहिले आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा त्यांनी मंजूर करून घेतला. संविधान अमलात येऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्याच्याच बाविसाव्या अनुच्छेदाने अशा स्थानबद्धतेला जागा करून ठेवली होती. फाळणीचा रक्तपात आणि तेलंगणातला उठाव डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला मी दांभिक म्हणणार नाही. परंतु कुलूप ज्यांच्यावर लागले होते त्यांनीच किल्ली जपून ठेवली, हेही लिहून ठेवले पाहिजे. १९७१ मध्ये त्याच जातीचा 'मिसा' कायदा आला, आणि १९७५ च्या आणीबाणीत येरवड्याच्या बराकी विरोधकांनी भरल्या. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन करणाऱ्या दुर्गाबाई भागवतांना पुढे मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून पकडून नेले. लोककथा आणि व्यासपर्व यांत रमलेल्या त्या विदुषीपासून राज्याच्या स्वास्थ्यास कोणता धोका होता, ते सरकारलाच ठाऊक.

कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यातच आहे. १ जानेवारी २०१८ रोजी तेथे दगडफेक-जाळपोळ झाली, आणि आदल्या दिवशी शनिवारवाड्यापुढे झालेल्या एल्गार परिषदेचा धागा धरून त्या वर्षी व पुढे सोळा वकील, प्राध्यापक, कवी, कार्यकर्ते यांना बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पकडण्यात आले. बंदी घातलेल्या माओवादी संघटनेशी त्यांचे संबंध असल्याचे तपास यंत्रणा म्हणते; आरोपी ते नाकारतात. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच वर्षांमागून वर्षे गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी त्यांपैकी दोघांना जामीन दिला तोवर त्यांची जवळजवळ पाच वर्षे आत निघून गेली होती. नातूंच्या वेळी आरोप सांगितलाच गेला नव्हता. येथे तो हजारो पानांत सांगितला गेला, पण सिद्ध होण्याची वेळ येईना.

बंगालच्या १८१८ च्या त्या कायद्यात एक कलम होते, की राजबंदी ज्याच्या ताब्यात असेल त्या अधिकाऱ्याने दर १ जानेवारीस व १ जुलैस त्याच्या प्रकृतीचा आणि सोयीचा अहवाल सरकारला लिहून पाठवावा. कंपनी सरकारचे कलम, तेही आपल्या हुकुमाने कोंडलेल्या माणसाबद्दल. त्या सोळांपैकी फादर स्टॅन स्वामी कंपवाताने पेला धरू शकत नसत, म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात पिण्याची नळी आणि झाकणाचा पेला मिळावा असा अर्ज त्यांनी तळोजा तुरुंगातून न्यायालयाकडे केला. तपास यंत्रणेला उत्तर देण्यासाठी वीस दिवसांची मुदत मिळाली. त्या वस्तू आपल्याकडे नाहीत, असे उत्तर तिने २६ नोव्हेंबरला दिले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे असतानाच, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले.