काँक्रीटचे पाणी : एका समजाचा इतिहास

बांधकामाला पाणी पिण्यायोग्यच हवे, हा समज आपल्या घराघरांत रुजलेला आहे. त्याचा मागोवा घेतला, की तो शास्त्रापेक्षा सोयीतून अधिक जन्मला, असे आम्हांस दिसते. पिण्याच्या पाण्यात क्षार व सेंद्रिय घाण बेताचीच असते, म्हणून ते निर्धास्तपणे वापरता येते. पण जे पिता येत नाही, ते काँक्रीटला चालतच नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही.

हा भेद १९२४ साली अमेरिकेत डफ एब्रॅम्स यांनी प्रयोगांनी दाखवून दिला. समुद्राचे, खाणींचे, दलदलींचे, कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेले, असे पाण्याचे ६८ नमुने त्यांनी तपासले. बहुतेकांनी काँक्रीटला समाधानकारक बळकटी दिली. पाण्याच्या रंगावरून वा वासावरून त्याची योग्यता ठरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडील भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनेही पिण्यायोग्य पाणी सामान्यतः समाधानकारक मानले. मात्र इतर पाण्यासाठी कसोट्याही घालून दिल्या. सामू ६ पेक्षा कमी नसावा. त्या पाण्याच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची ताकद ऊर्ध्वपातित पाण्याच्या ठोकळ्यांच्या निदान ९० टक्के भरावी. क्लोराइडची मर्यादा साध्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅम, तर सळईच्या काँक्रीटला अवघी ५०० आहे. कारण क्लोराइडने सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट तडकते. म्हणजे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला दार बंद नव्हते. फक्त तपासणीची अट होती.

तरीही त्या दाराकडे फारसे कोणी वळले नाही. घनमीटरभर काँक्रीट कालवायलाच सुमारे १८० लिटर पाणी लागते. पुढे ते भिजते ठेवायला लागते ते निराळे. मार्च २०२४ मध्ये टंचाईने गांजलेल्या बंगळुरूत बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करावी लागली, तेव्हा कुठे प्रक्रिया केलेल्या पाण्याची आठवण झाली.

बडोद्यासाठी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधला, तो माणसांची तहान भागावी म्हणून. आज आपल्या गावोगावी जुने वाडे उतरून सदनिका उभ्या राहत आहेत. त्या भिंतींत कोणते पाणी जाते आणि त्याची तपासणी झाली आहे काय, हे दोन प्रश्न बांधणाऱ्याला विचारणे, हेही त्या तलावाचे ऋण मानण्यासारखेच आहे.