तापीच्या माशांची मोजदाद

तापीच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे आपण थाळनेरचा किल्ला, फारुकी सुलतान आणि चांगदेवाजवळचा तापी-पूर्णेचा संगम एवढ्यांवर थांबतो. नदीच्या पोटात जे राहतात त्यांचाही काही इतिहास असेल, हे आपल्या मनात येत नाही. मुलताईपासून सुरतेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला गेल्या सत्तर वर्षांत आपण ठिकठिकाणी अडविले. त्यामुळे माशांचे काय झाले हे शोधावयास निघालो म्हणजे दप्तरे पुष्कळ हाती लागतात, पण ती पाण्याची. पाणी आपण पहिल्या दिवसापासून मोजले; मासा मोजावयाचे राहून गेले.

जुने साक्षीदार थोडे आहेत. कर्नल साईक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी १८२४ ते १८३१ पर्यंत दख्खनमध्ये फिरला आणि पुढे त्याने येथील माशांची वर्णने लंडनला प्रसिद्ध केली. गंमत अशी की, कोळ्या-भोयांच्या तोंडची मराठी नावेच त्याने लॅटिनमध्ये बसविली. खुद्री, कोळस, शिंगटी, मुल्या ही नावे जगातील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आजही नांदत आहेत. परंतु त्याचे मासे मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातले. खानदेश त्याच्या जाळ्यात आला नाही. त्यानंतर फ्रान्सिस डे याने १८७३ साली हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर मोठा अहवाल सरकारला दिला. जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना प्रश्न धाडून त्याने उत्तरे जमविली. जाळ्याचे डोळे किती बारीक, पिल्लांचा संहार होतो की नाही, बंधाऱ्यांतून माशांना वाट ठेवली आहे काय, असे ते प्रश्न. शेवटला प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीचा आहे हे ध्यानात ठेवावे. १८९७ साली मासेमारीचा कायदा झाला. त्यात सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यास बंदी आली. माशांच्या वाटेचा प्रश्न मात्र तसाच पडून राहिला.

आता कोणी म्हणेल, बंधारे काय आजचेच आहेत? पांझरेवर फडाचे बंधारे कित्येक शतके उभे आहेतच की! खरे आहे. पण ते बुटके. पावसाळ्यात पूर त्यांच्या डोक्यावरून जातो, आणि भरल्या पाण्यात तेथे वर चढू पाहणाऱ्या माशाला बहुधा संधी मिळत असावी. उकाईची गोष्ट वेगळी. १९७२ साली पूर्ण झालेले, सुमारे ऐंशी मीटर उंचीचे ते धरण आहे गुजरातेत. परंतु त्याचे पाणी आपल्या जुन्या पश्चिम खानदेशात शिरले आहे, आणि त्याच्या वीजगृहाची शक्ती ३०० मेगावॉट आहे. त्याच्या खाली काक्रापारचा बंधारा १९५० च्या दशकातच झाला होता. वर भुसावळजवळ हतनूर आले, आणि पुढे सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशे येथे बंधारे पडले. नदीचा असा जिना झाला की ज्याची एकही पायरी माशाला चढता येत नाही!

महाशीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट निघतो आणि खडकाळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. भिंत आडवी आली की त्याची वाट तुटते. भिंतीवर जे पाणी साचते ते त्याला मानवत नाही. धारेत वाढणाऱ्या माशाला तळ्यात कोंडल्यासारखे होते. विजेच्या धरणाचे आणखी एक आहे. तेथून पाणी सुटते ते ऋतुमानाप्रमाणे नव्हे, शहरांतील दिव्यांच्या आणि कारखान्यांच्या गरजेप्रमाणे. खालच्या पात्रात पाणी चढते व उतरते, आणि काठालगतच्या उथळ जागेत घातलेली अंडी उघडी पडतात.

हे सर्व तपासावयाचे तर धरणाच्या आधी काही वर्षे आणि नंतर कित्येक वर्षे, त्याच जागी, त्याच महिन्यांत, त्याच जातीच्या जाळ्याने मासे धरून जातवार नोंद ठेवावी लागते. असे काम आपल्या शेजारी नर्मदेवर झाले आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेचे करमचंदानी आणि त्यांचे सहकारी १९५८ ते १९६६ पर्यंत नर्मदेचे मासे मोजीत होते. त्या वेळी तिच्यावर एकही मोठे धरण नव्हते, म्हणून त्यांचा १९६७ चा अहवाल आज आरशासारखा उपयोगी पडतो. ही नर्मदा परकी नव्हे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या उत्तर सीमेवरून ती सुमारे ५४ किलोमीटर वाहते, आणि १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तो मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. तेथे आता सरदार सरोवराचे पाणी उभे आहे. तापीचाही पाहणी-अहवाल याच संस्थेने काढला. पण तो छापला गेला १९७६ साली, म्हणजे उकाईची भिंत उभी राहिल्यावर चार वर्षांनी.

धरणे झाल्यावर मोजणी सुरू झाली ती टनांची. सरोवरात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडावयाचे आणि वर्षाअखेर वजन लिहावयाचे. हे तिघेही मूळचे गंगेकडचे. तापीने त्यांना कधी पाहिले नव्हते. वजन वाढले की खाते सुखावते, आणि ते वजन कोणाचे हे विचारण्याची गरज राहत नाही. या हिशेबात काय दडून राहते याचा एक मासला सांगतो, तो थोडा दूरचा आहे. टाटांच्या वीजनिर्मितीच्या तलावांकाठी, लोणावळ्यास, मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात महाशिराची, साईक्सच्या त्याच खुद्रीची, कृत्रिम पैदास साधली. नष्ट होत चाललेला मासा वाचवावा हा शुद्ध हेतू. काम नमुनेदार झाले. तेथील बीज देशभर गेले, कावेरीतही गेले. कावेरीवर गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या शौकिनांच्या वह्यांत १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी होत्या. संशोधकांनी त्या २०१५ साली तपासल्या, तेव्हा दिसले ते असे : महाशिरांची एकूण संख्या वाढत होती, आणि त्याच वर्षांत कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा महाशीर जवळजवळ नाहीसा होत होता. वह्यांत दोन जाती वेगळ्या लिहिल्या होत्या म्हणूनच हे कळले. नुसते ‘महाशीर’ लिहिले असते, तर आनंदाची बातमी म्हणून ती छापली गेली असती. या कुबडवाल्याला २०१८ साली कुठे त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले, आणि त्याच सुमारास अत्यंत धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याची भर पडली.

तापीकाठच्या भिल्ल, कोळी आणि भोई माणसाचा यात संबंध काय, असे आपणांस वाटेल. वाहत्या नदीत तो कोणाला न विचारता जाळे टाकीत असे. त्याच पाण्याचे सरोवर झाले की मासेमारीचा ठेका होतो. ठेका संस्थेकडे जातो, संस्था बीज विकत घेते, आणि बीज न पडले त्या वर्षी हात रिकामे राहतात. नदीचा मासा फुकट पैदा होत होता. तो किती होता, हे सांगणारा कागद नसल्यामुळे त्याची भरपाई मागावयाची तरी कशाच्या आधारे? शेताचा सातबारा असतो, डोहाचा नसतो.

हतनूर १९८२ साली पूर्ण झाले. त्याला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यांतील किती उघडले आणि किती क्यूसेक पाणी सुटले, हे जळगावच्या वर्तमानपत्रांत छापून येते. त्याच दिवसांत वरच्या ओढीने निघालेले मासे भिंतीच्या पायथ्याशी येऊन थटतात, आणि आसपासच्या गावांतील माणसे जाळी घेऊन तेथे जातात. मोजणी सुरू करावयाची तर तीच जागा आणि तेच दिवस योग्य. एक तराजू, एक वही, आणि माशांची गावठी नावे सांगू शकेल असा एखादा म्हातारा भोई एवढे भांडवल पुरे. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयीन अध्यापकाला मी हे सुचविले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला तो असा, की वहीत नावे मराठीत लिहावयाची की लॅटिनमध्ये. साईक्सची गोष्ट मी त्याला सांगितली. येत्या पावसाळ्यात, पहिले दरवाजे उघडतील त्या दिवशी, आम्ही दोघे तेथे जाणार आहोत.