कोशकार्य आणि कालमर्यादा

१

संशोधनास किती काळ लागेल, हे आगाऊ सांगता येते काय? पीएच. डी. पदवीपुरते या प्रश्नाचे एक उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी दिले आहे. अभ्यासक्रमासह किमान तीन वर्षे, अधिकांत अधिक सहा वर्षे, आणि पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे. परंतु मुदत ठरविणे निराळे आणि हाती घेतलेले काम त्या मुदतीत बसविणे निराळे. पहिली गोष्ट नियमाने होते. दुसरीसाठी कामाचे स्वरूप ओळखावे लागते. ते ओळखण्यात विद्वानांचीही किती फसगत होते, याचे एक ठळक उदाहरण कोशवाङ्मयाच्या इतिहासात आहे. पुढे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कोशाची निर्मिती हे ते उदाहरण होय. त्याची निवड करण्याचे कारण असे की, या कार्यात वेळोवेळी केलेले अंदाज आणि प्रत्यक्षात लागलेला काळ या दोहोंची नोंद उपलब्ध आहे. त्यामुळे तुलना करता येते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. संस्कृतात ‘अवधि’ म्हणजे मर्यादा, सीमा. मराठीत मात्र ‘अवधी’ हा शब्द मुख्यतः मधल्या मोकळ्या काळाला लावला जातो. ‘मला थोडा अवधी द्या’ असे आपण म्हणतो. मूळचा शब्द काठाचा, तो आपण पात्राला लावला. नियोजनातील पुष्कळसा घोटाळा याच ठिकाणी होतो. नियम काठ दाखवितो. आपण मात्र मधला सगळा विस्तार आपल्याच हाती आहे असे धरून चालतो.

२

इ. स. १८५७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी तत्कालीन इंग्रजी कोशांतील उणिवांवर दोन निबंध वाचले. शब्दाचा जन्म, त्याचे अर्थांतर आणि क्वचित त्याचा लोप, हे सर्व अवतरणांच्या आधारे कालक्रमाने दाखविणारा कोश असावा, ही कल्पना त्यांतून पुढे आली. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी चिठ्ठ्या लावण्यासाठी चौपन्न खणांची मांडणी करून घेतली. सुमारे एक लक्ष चिठ्ठ्या मावतील अशी ती मांडणी होती. सुमारे दोन वर्षांत कोशाचा पहिला भाग जगापुढे ठेवता येईल, असा अंदाज त्यांनी १८६० मध्ये ट्रेंच यांना कळविला. साहाय्यकांची दिरंगाई नसती तर याहूनही आधीची तारीख सांगितली असती, असेही सुचविले. पुढील वर्षी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते क्षयाने वारले. पहिला भाग निघाला तो १८८४ मध्ये. दोन वर्षांच्या जागी चोवीस वर्षे लोटली होती.

कोलरिज यांच्यानंतर फ्रेडरिक फर्निव्हल यांनी ही धुरा वाहिली. त्यांचा उत्साह दांडगा होता, वाचकांचे साहाय्य मिळविण्याची हातोटीही होती. पण जमलेल्या सामग्रीची निगा राखणे त्यांना साधले नाही. चिठ्ठ्या उपसंपादकांच्या घरोघरी विखुरल्या. काही अक्षरांच्या चिठ्ठ्या आयर्लंडपर्यंत आणि इटलीपर्यंत जाऊन पोहोचल्या होत्या. १८७९ साली संपादकत्व जेम्स मरे यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हाती आलेल्या कागदांचे वजन सुमारे दोन टन होते. ते कागद लावून घेणे, हरवलेले शोधणे आणि वाचकांना नव्याने आवाहन करणे यांतच पहिला काळ खर्ची पडला. सामग्री गोळा होते म्हणजे काम पुढे सरकते, ही समजूत किती फसवी आहे याचा हा पुरावा आहे. न लावलेली चिठ्ठी ही पुढे टाकलेली मेहनत होय, आणि ती व्याजासह परत करावी लागते.

३

१८७९ च्या मार्च महिन्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार झाला. दहा वर्षे, चार खंड, सुमारे सात हजार पाने, असा हिशेब ठरला. मरे त्या वेळी मिल हिल येथील शाळेत शिक्षक होते. शाळेच्या आवारात त्यांनी लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असे नाव दिले आणि तीत एक हजार एकोणतीस खण केले. चौपन्नावरून एक हजार एकोणतीसवर झालेली ही वाढच कामाचा खरा आवाका सांगते. मरे यांची मुलेही खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावीत.

दहा वर्षांची मुदत पाळावयाची तर दररोज तेहतीस शब्द हातावेगळे व्हावयास हवेत, हे मरे यांनी मांडून पाहिले होते. परंतु ‘अप्रूव्ह’ या एकाच क्रियापदाने दिवसाचा पाऊण भाग घेतला. १८८४ च्या फेब्रुवारीत पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा कराराची निम्मी मुदत सरली होती आणि ३५२ पानांत कोशाचे ‘ए’ हे अक्षरही पुरे झाले नव्हते. तो ‘अँट’, म्हणजे ‘मुंगी’, या शब्दापाशी थांबला होता. संपूर्ण कोश १९२८ च्या एप्रिलमध्ये पुरा झाला. दहा खंड, १५,४९० पाने, ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लक्षांहून अधिक अवतरणे. दहा वर्षांचे काम एकोणपन्नास वर्षांत झाले. पाने मात्र ठरल्याच्या दुपटीहून थोडीच अधिक झाली. पाने दुप्पट, पण काळ जवळजवळ पाचपट, ही विषमता विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ विस्तार वाढल्याने विलंब झाला, हे स्पष्टीकरण तिच्यापुढे टिकत नाही.

४

मग चूक कोठे झाली? अंदाज पानांवरून बांधला गेला, परंतु काळ पानांवर खर्च होत नव्हता. तो निर्णयांवर खर्च होत होता. एखाद्या शब्दाची शेकडो अवतरणे समोर पसरून त्यांचे अर्थगट पाडणे, कोणता अर्थ आधीचा व कोणता त्यापासून निघालेला हे ठरविणे, आणि तो क्रम पुराव्याशी जुळतो की नाही हे पाहणे, हे खरे काम होते. एका ओळीच्या व्याख्येमागे एक दिवस जाई आणि दुसरे अख्खे पान एका सकाळी तयार होई. शिवाय जुन्या कोशांच्या उपलब्ध पानांशी तुलना करून नव्याचा विस्तार ठरविला गेला. परंतु जुना कोश पुष्कळदा आधीच्या कोशावर आधारलेला असे, आणि हा कोश मूळ ग्रंथांतून रचावयाचा होता. दिसण्यात सारखी असलेली दोन कामे जातीने भिन्न होती.

मानसशास्त्रज्ञांनी अशा प्रमादाचा पुढे स्वतंत्र अभ्यास केला. डॅनिएल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये त्याला जे नाव दिले त्याचा मराठी पर्याय ‘नियोजनभ्रम’ असा करता येईल. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांनी प्रबंधिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवस सांगितले, लागले सुमारे ५५. सर्व काही प्रतिकूल घडले तर किती लागतील, या प्रश्नाचे त्यांचे सरासरी उत्तरही प्रत्यक्षापेक्षा कमीच, म्हणजे ४९ दिवसांच्या आसपास भरले. कानेमन यांनी सुचविलेला उपाय साधा आहे. आपल्या कामाकडे आतून न पाहता, तशाच जातीच्या इतर कामांना प्रत्यक्षात किती काळ लागला हे आधी पाहावे. १८७९ साली मरे यांच्यापुढे एक जवळचे उदाहरण होते. ग्रिम बंधूंनी आरंभिलेल्या जर्मन कोशाचा पहिला भाग १८५२ मध्ये निघाला होता. ग्रिम बंधू दिवंगत झाले होते आणि कोश अपुराच होता. तो १९६१ मध्ये पूर्ण झाला. ते उदाहरण करारातील दहा वर्षांच्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

५

विलंब लक्षात आल्यावर मुद्रणालयाने जे उपाय योजले, ते आजच्या कार्यालयांनाही बोधप्रद वाटतील. त्यांपैकी काही लागू पडले, काही अंगाशी आले.

लागू पडलेला पहिला उपाय म्हणजे मरे यांना शाळेच्या नोकरीतून मोकळे करणे. १८८५ मध्ये ते ऑक्सफर्डला आले आणि पूर्ण वेळ कोशाला देऊ लागले. उरलेल्या वेळात करावयाचे काम उरलेल्या आयुष्यावर पसरते, हे तोपर्यंत दिसून आले होते. दुसरा उपाय श्रमविभागाचा. १८८८ मध्ये हेन्री ब्रॅडली यांना, पुढे १९०१ मध्ये विल्यम क्रेगी यांना आणि १९१४ मध्ये चार्ल्स अनियन्स यांना स्वतंत्र संपादक नेमून निरनिराळी अक्षरे सोपविण्यात आली. हे शक्य झाले, कारण नोंदीची पद्धत मरे यांनी आधीच पक्की केली होती. पद्धत ठरण्यापूर्वी माणसे वाढविली असती तर मतभेदच वाढले असते. तिसरा उपाय प्रकाशनाचा. १८९५ पासून मोठ्या भागांऐवजी चौसष्ट पानांचे छोटे भाग दर तिमाहीस निघू लागले. दूरची एक तारीख जाऊन जवळच्या अनेक तारखा आल्या, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत हा क्रम बहुतांशी टिकला.

याउलट, मुद्रणालयाचे चिटणीस लिटलटन गेल यांनी खर्च व विस्तार आवळण्यासाठी संपादकांमागे लावलेला तगादा जवळजवळ सारा प्रकल्पच बुडविणारा ठरला. १८९६ च्या सुमारास हा तंटा वृत्तपत्रांपर्यंत गेला, लोकमत संपादकांच्या बाजूने उभे राहिले आणि अखेर विद्यापीठाला धोरण बदलावे लागले. तिमाही भागाची अट आणि गेल यांचा तगादा, दोन्ही कालमर्यादेचेच प्रकार होते. परंतु पहिल्याने कामाचे तुकडे पाडले, दुसऱ्याने कामाच्या गुणवत्तेलाच हात घातला. दोहोंतील हा भेद न ओळखणारा अधिकारी हाताखालच्यांचा वेळ वाचवीत नाही, खातो.

संपादकांचा पक्ष सर्वस्वी निर्दोष होता असेही नाही. पूर्णतेचा हव्यास त्यांनाही सुटला नाही. आणि इतक्या काळजीनंतरही दासी या अर्थाच्या ‘बाँडमेड’ या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ होऊन तो शब्द कोशात यावयाचा राहिलाच. तो १९३३ च्या पुरवणीत घालण्यात आला. पुरवणीची सोय असते, ही गोष्ट परिपूर्णतेच्या उपासकांनी ध्यानात ठेवावी.

या हिशेबाला एक मानवी बाजूही आहे. मरे १९१५ च्या जुलैमध्ये निवर्तले. कोशाचा सुमारे निम्मा भाग त्यांनी स्वतः संपादिला, परंतु पूर्ण झालेला कोश त्यांना पाहता आला नाही. ब्रॅडली १९२३ मध्ये गेले; त्यांनाही नाही. चुकलेल्या अंदाजाची किंमत प्रथम काम करणाऱ्याच्या आयुष्यातून वसूल होते.

६

आपल्याकडेही अशी कार्ये झाली आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकत्व स्वीकारले; आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या प्रस्तावनेत पाठचिकित्सेची तत्त्वे निश्चित झाली. त्या तत्त्वांच्या आधारे निरनिराळी पर्वे निरनिराळ्या संपादकांकडे देता आली. त्यामुळेच १९४३ मध्ये सुकथनकरांचे निधन झाल्यावरही काम थांबले नाही. आधी पद्धत, मग विभागणी, हा क्रम येथेही दिसतो.

डेक्कन कॉलेजचा ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोश सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये आरंभिला गेला. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. पस्तीस भाग झाले तरी कोश ‘अ’ या आद्याक्षराच्या बाहेर पडला नव्हता. याउलट श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड आपल्या हयातीतच पूर्णत्वास नेले. केतकरांना उपलब्ध ज्ञानाचा संग्रह मराठीत आणावयाचा होता, तर संस्कृत कोशकारांना प्रत्येक शब्दाचा इतिहास नव्याने शोधावयाचा आहे. यावरून पुण्याचे कोशकार मंद व केतकर चपळ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कामाच्या दोन जाती आहेत, एवढेच म्हणता येईल.

७

या इतिहासावरून संशोधक विद्यार्थ्याने आणि त्याच्या मार्गदर्शकाने काय घ्यावे? प्रबंधाचा अंदाज प्रकरणांच्या किंवा पानांच्या संख्येवर बांधू नये. एक नमुना-नोंद, एक हस्तलिखित किंवा एका गावची बोली प्रथम पूर्णपणे तडीस न्यावी, तीस लागलेले दिवस टिपावे आणि मग गुणाकार करावा. त्याच विभागातून त्याच जातीच्या प्रबंधांना किती वर्षे लागली, हे ग्रंथालयातील नोंदींवरून पाहावे. सामग्री जमवितानाच लावीत जावे. दूरच्या एका तारखेऐवजी जवळच्या अनेक तारखा ठरवाव्यात, आणि त्या त्या तारखेस काही तरी दुसऱ्याच्या हाती द्यावे.

उरतो तो विषयाच्या व्याप्तीचा प्रश्न, आणि तो एकट्या विद्यार्थ्याचा नाही. मरे यांच्यामागे पुढील संपादकांची परंपरा उभी राहिली. प्रबंध लिहिणारा एकटा असतो आणि त्याची शिष्यवृत्ती ठरल्या दिवशी बंद होते. पन्नास वर्षांच्या जातीचा विषय सहा वर्षांसाठी मंजूर करून पुढे विलंबाचा दोष विद्यार्थ्याच्या आळसावर टाकणे, ही विभागाची चूक आहे. विषय मंजूर करणाऱ्या समितीने आराखड्यातील संदर्भसूची तपासावी, तसाच त्यातील कालाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. तेहतीस शब्दांचा हिशेब आणि पाऊण दिवस घेणारा एक शब्द यांची गाठ नोंदणीपूर्वीच पडलेली बरी.