माया सोडलेली चोळी

आता ही चोळी बघा. शिक्का नाही, चिठ्ठी नाही. घरचे म्हणतात, शंभर वर्षांची. शिवणीतला सुटलेला धागा जाळला, तर वितळून त्याची कडक गोळी झाली. म्हणजे धागा कृत्रिम, नायलॉन किंवा पॉलिएस्टर. नायलॉन प्रयोगशाळेत तयार झालं १९३५ साली, पॉलिएस्टर १९४१ साली. तेव्हा ही शिवण १९३५च्या आधीची नाहीच.

मग घरचे चुकले? थांबा. शिवणीच्या अलीकडे जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, आणि मधल्या पट्टीचा रंग अजून गडद आहे. म्हणजे चोळी वापरून विटली, मग कुणीतरी माया सोडून ती सैल केली. धागा दुरुस्तीचा काळ सांगतो, चोळीचा नाही. शंभर वर्षं यातून सिद्ध होत नाहीत. पण ‘नंतरचा’ म्हणून तो धागा उसवू नका. तोही पुरावाच आहे.